रेणू बसला, पुढे काय?

उंदराला किती दुखतंय हे मोजायच्या दोन जुन्या रीती आहेत. एकीत त्याला साधारण ५५ अंशांवर तापवलेल्या धातूच्या पत्र्यावर ठेवतात आणि पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजतात. दुसरीत शेपटीला उष्णता देतात आणि ती झटकायला किती वेळ लागला ते बघतात. चटका दोन्हीकडे आहे, पण शेपटीची झटक बहुतांशी पाठीच्या कण्यातच परस्पर उरकली जाते. पंजा चाटायचा तर वर्दी वर मेंदूपर्यंत जावी लागते. मॉर्फिन दिलेला उंदीर दोन्ही परीक्षांत उशीर लावतो.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये एका नव्या रेणूची हकीकत छापून आली. नाव पीझेडएम२१. तापल्या पत्र्यावर तो जवळपास मॉर्फिनच्या तोडीचा ठरला आणि शेपटीच्या परीक्षेत त्याने काहीच केलं नाही. म्हणजे शेपूट झटकतेच आहे, पण पत्र्यावरचा जाच मात्र कमी झालाय. हे मी दोनदा वाचलं. त्या निबंधात याहून मोठे दावे होते आणि वर्तमानपत्रांनी तेच उचलले. माझं मन त्या शेपटीपाशी अडकलं, त्याला एक घरगुती कारण होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या धंद्याची म्हणून महत्त्वाची: हा रेणू कुणाला प्रयोगशाळेत योगायोगाने सापडला नव्हता. त्याचा माग संगणकावर लागला होता.

मी फार्मसी कॉलेजात औषधी रसायनशास्त्र शिकवते. एम.फार्म.च्या मुलांचे प्रबंधाचे दिवस आले की आमच्या कॉम्प्युटर लॅबला एकदम भाव येतो. रसायनं महाग, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी मिळवणं जिकिरीचं. डॉकिंगचं, म्हणजे रेणू प्रथिनात बसतो का हे पडद्यावर बघायचं, सॉफ्टवेअर मात्र फुकट. प्रथिनाच्या रचनेची फाइल उतरवून घ्यायची, त्यातलं पाणी काढायचं, हायड्रोजन जोडायचे, औषध ज्या खळगीत बसावं असं वाटतं तिच्याभोवती चौकट आखायची आणि मशीन रात्रभर चालू ठेवून घरी जायचं. सकाळी आकडा तयार. “मॅडम, मायनस नाइन पॉइंट एट आलं!” आकडा जितका उणे तितका रेणू घट्ट बसला, असा हिशेब. रेणू बहुधा अश्वगंधेतला किंवा ब्राह्मीतला असतो, रिसेप्टर (पेशीवरचं निरोप घेणारं प्रथिन) डोपामीनचा नाहीतर सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूतल्या निरोप्या रसायनांचा. आणि शेवटच्या प्रकरणात ‘सदर संयुग नैराश्यावर आश्वासक ठरू शकते’ असं वाक्य असतंच. मी ते लाल पेनाने खोडते. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या वनस्पतीच्या नावाने परत येतं.

पण मुलांना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर पडद्यावर जे फिरतंय ते मिळवायला माणसांची आयुष्यं गेली आहेत. रेणूला खळगीत बसवून बघण्याची कल्पना १९८२ सालची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संस्थेत अर्विन कुंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. प्रथिनावरची खळगी आधी काल्पनिक गोलांनी भरून काढायची आणि मग रेणूचे अणू त्या गोलांशी जुळतात का ते बघायचं. त्यांच्या प्रोग्रॅमचं नावच ‘डॉक’. विकरांसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांसाठी हे जमायला लागलं. मेंदूतल्या रिसेप्टरांच्या वाटेला मात्र पुढची पंचवीस वर्षं फारसं काही आलं नाही, कारण त्यांची खळगी नेमकी कशी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हे रिसेप्टर पेशीच्या पडद्यात सात वेळा आतबाहेर ओवलेले असतात. पडद्यातून काढले की विस्कटतात, आणि न विस्कटले तरी इतके हलते असतात की त्यांचा स्फटिक धरत नाही. स्फटिक नाही तर क्ष-किरणांनी रचना काढता येत नाही.

स्टॅनफर्डच्या ब्रायन कोबिल्का यांनी या एका अडचणीवर बरीच वर्षं घालवली. २००७ मध्ये ॲड्रिनलिनच्या रिसेप्टरची रचना हाती आली. २०१२ मध्ये त्यांना रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी त्यांच्या गटाने म्यू ओपिऑइड रिसेप्टरची रचना प्रसिद्ध केली. मॉर्फिन जिथे जाऊन बसतं तो हा रिसेप्टर. उंदराचा होता, पण माणसाच्या अगदी जवळचा. त्याची खळगी ऐसपैस आणि बाहेरच्या पाण्याला उघडी निघाली. या घराण्यातले सुमारे ८०० रिसेप्टर माणसाच्या जनुकांत लिहिलेले आहेत आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा याच घराण्यावर काम करतो. तेव्हा एकेक रचना म्हणजे काय चीज आहे, ते सहज कळावं.

मग तीन ब्रायन एकत्र आले (हा माझा पाचकळ विनोद, वर्गात चालतो). स्टॅनफर्डचे कोबिल्का, सॅन फ्रान्सिस्कोचे डॉकिंगवाले ब्रायन शोइकेट आणि नॉर्थ कॅरोलायनाचे ब्रायन रॉथ, ज्यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतल्या जवळजवळ कुठल्याही रिसेप्टरवर रेणू तपासून मिळतो. चौथे जर्मनीतल्या एर्लांगनचे रसायनशास्त्रज्ञ पीटर ग्माइनर. त्यांनी विकत मिळण्याजोगे ३० लाखांहून अधिक रेणू त्या खळगीत संगणकावर बसवून पाहिले. प्रत्येक रेणू लाखो प्रकारे वळवून, वाकवून. गुणानुक्रमे यादी लागली. आणि मग यादीतले वरचे २,५०० रेणू माणसांनी डोळ्यांनी बघितले.

मुलांना मी हा आकडा मुद्दाम सांगते. इतकं यंत्र चालवून झाल्यावर ती हुशार माणसं पडद्यासमोर बसून एकेक रेणू निरखत होती: खळगीतल्या एस्पार्टेट या नेमक्या अमिनो आम्लाला याचा नायट्रोजन भिडतोय का, बसताना रेणूला उगाच पिळवटावं लागतंय का, आणि हा जुन्या ओपिऑइडांपैकी, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांपैकी, कुणाचा भाऊबंद तर नाही ना. त्यातून २३ निवडले आणि तपासले. सात जण खरोखर बसले, तेही ढिलेच. त्यांतल्या एकाला धरून, त्याचे नातेवाईक शोधून, इथे एक गट जोड, तिथे एक वळण बदल असं करत पीझेडएम२१ तयार झाला. मॉर्फिनची ती पाच कड्यांची ओळखीची घडण त्यात कुठेच नाही.

नवी घडण कशासाठी हवी होती? जुनी काम करतेच आहे की. यासाठी त्या वेळचा एक सिद्धांत सांगावा लागेल. मॉर्फिन रिसेप्टरवर बसलं की पेशीच्या आत दोन हालचाली होतात. एक जी-प्रथिनांमार्फत आणि दुसरी बीटा-अरेस्टिन नावाच्या प्रथिनामार्फत. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठात लॉरा बोन आणि सहकाऱ्यांनी बीटा-अरेस्टिन २ नसलेले उंदीर घेऊन दाखवलं की त्यांच्यात मॉर्फिनचा वेदनाशमक परिणाम जास्त आणि लांबलचक होतो. २००५ मध्ये त्याच वाटेने आणखी एक निष्कर्ष आला: या उंदरांचा श्वास मॉर्फिनने कमी मंदावतो आणि पोटही कमी धरतं. चित्र फार मोहक होतं. एका वाटेने आराम, दुसऱ्या वाटेने त्रास. मग पहिलीच वाट उघडणारा रेणू शोधा! पीझेडएम२१ अरेस्टिनला जवळजवळ हातच लावत नव्हता. उंदरांचा श्वास ठीक राहिला, मॉर्फिनइतकी बद्धकोष्ठता झाली नाही, औषध मिळालेल्या कप्प्याकडे ते पुन्हा पुन्हा ओढलेही गेले नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने ४२ हजारांवर माणसं मेली. ती मरतात ती बहुधा श्वास थांबून. मथळे काय आले असतील ते सांगायला नको.

आता ते घरगुती कारण.

आमच्या काकूंना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यांत त्या मॉर्फिनच्या गोळ्यांवर होत्या. दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, रात्री झोपताना दोन. गोळ्या तालुक्याला मिळत नसत, जिल्ह्याच्या गावी जाऊन, कागद दाखवून, मोजून आणाव्या लागत. हा एक निराळाच विषय आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात आपण कायदेशीर अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, आणि इथे दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला गोळी मिळताना मारामार. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टर आणि दुकानदार इतके धास्तावले की औषधी मॉर्फिनचा वापरच आटला. २०१४ साली दुरुस्ती होऊन कागदावर तरी वाट सोपी झाली. असो.

डॉक्टर विचारत, शून्य ते दहात दुखणं किती? काकूंना हा प्रश्न कधीच पटला नाही. त्या म्हणायच्या, “दुखतंय तेवढंच. पण आता ते अंगावर येत नाही.” वाक्य ऐकून मी दचकलेच, कारण मॉर्फिनबद्दल रुग्ण असं सांगतात हे मी वर्गात शिकवत आले होते आणि तरी ते मला कधी कळलं नव्हतं. दुखणं तिथेच असतं, त्याचा जाच कमी होतो. पीझेडएम२१ च्या उंदराची शेपूट वाचताना मला काकू आठवल्या, त्या या वाक्यामुळे.

पण काकूंचं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. एकदा मी औषधांचा तक्ता लिहीत बसले होते, तर म्हणाल्या, “दुखण्याचं मी बघून घेईन गं. तू पोटाचं काय ते बघ.” इसबगोल झालं, लॅक्ट्युलोज झालं, गोळ्या झाल्या, शेवटी एनिमा. आयुष्यभर पदर नीट घेऊन वावरलेल्या बाईला त्या एनिमाची जेवढी शरम वाटली तेवढी कॅन्सरची वाटली नव्हती. काकांना खोलीबाहेर पाठवायच्या. मॉर्फिनच्या इतर त्रासांना शरीर हळूहळू सरावतं, गुंगी उतरते, मळमळ थांबते. बद्धकोष्ठतेला मात्र सहसा सरावत नाही. आतड्याच्या भिंतीतही मज्जातंतूंचं एक जाळं आहे आणि त्यावर तोच म्यू रिसेप्टर बसलेला आहे. श्वासाचा ताल धरणाऱ्या मेंदूच्या खोडातही तोच. खळगी तीच, अणू न् अणू तोच. डॉकिंगच्या प्रोग्रॅमला रचनेची एक फाइल मिळते. ती फाइल आतड्यातली की मेंदूतली, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही.

आणि ‘बसला’ याचा अर्थ तरी काय? कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी दिली आणि आम्ही मास्तर लोक ती सगळ्यांना लावत सुटलो. नॅलॉक्सोन घ्या. त्याच म्यू रिसेप्टरच्या त्याच खळगीत ते छान बसतं आणि मॉर्फिनला हुसकावून लावतं. अतिमात्रा झालेल्या माणसाचा श्वास परत आणायला तेच टोचतात. दोघांचे आकडे उत्तम येतील. एक श्वास बंद पाडतो, दुसरा सुरू करतो. रिसेप्टर हा थरथरणारा, रूपं बदलणारा पदार्थ आहे. त्यावर बसणारा रेणू त्याला कुठल्या रूपात थोपवून धरतो यावर पुढचं सगळं ठरतं. एका स्फटिकाच्या एका रचनेवरून ते पूर्ण उमगत नाही.

तर पीझेडएम२१. २०१८ मध्ये ब्रिस्टलच्या गटाने तो उंदरांना देऊन पाहिला: श्वास मंदावला, आणि पुन्हा पुन्हा दिल्यावर वेदनाशमक परिणामही ओसरत गेला. पुढे माकडांवर प्रयोग झाले तर ती स्वतःहून औषध घेऊ लागली. मग २०२० मध्ये खरा घाव बसला, आणि तो रेणूवर नव्हता, सिद्धांतावर होता. जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या तीन प्रयोगशाळांनी बीटा-अरेस्टिन २ नसलेले उंदीर पुन्हा तपासले. मॉर्फिनने त्यांचा श्वास इतर उंदरांइतकाच मंदावला. म्हणजे ती दुसरी, त्रासाची वाट, जिच्यावर इतकं बांधकाम झालं होतं, ती निदान श्वासाच्या बाबतीत तिथे नव्हतीच. मग पीझेडएम२१ सौम्य का वाटला? त्याच वर्षी एक साधं उत्तर पुढे आलं: तो रिसेप्टरला अर्धवटच जागं करतो. कमी जोर, म्हणून कमी त्रास. अशी कमी जोराची औषधं आपल्याला आधीपासून ठाऊक आहेत, ब्युप्रेनॉर्फिन त्यातलंच.

ऑलिसेरिडीन हे याच सिद्धांताचं दुसरं अपत्य, डॉकिंगमधून न आलेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१८ मध्ये नाकारलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केलं. शिरेतून, रुग्णालयातच द्यायचं. वेष्टनावर श्वास मंदावण्याचा ठळक इशारा आहेच, बाकीच्या ओपिऑइडांवर असतो तसा.

ही गोष्ट सांगितली की कुणीतरी म्हणतंच, “म्हणजे कॉम्प्युटरचं काही खरं नाही.” मला हे मुळीच पटत नाही. संगणकाला विचारलं होतं की या खळगीत बसेल असा, आजवर कुणी न पाहिलेल्या घडणीचा रेणू दे. त्याने ३० लाखांतून वेचून दिला. काम चोख झालं. आराम आणि त्रास यांच्या दोन वाटा आहेत हे त्याला आपण सांगितलं होतं, आणि ते आपल्याकडे उंदरांवरून आलं होतं.

आणि यंत्राची ताकद त्यानंतर अचाट वाढली. शोइकेट आणि रॉथ यांच्याच गटांनी २०१९ मध्ये डोपामीनच्या डी४ रिसेप्टरवर १३ कोटी ८० लाख रेणू बसवून पाहिले. त्यांतले बहुतेक रेणू जगात अस्तित्वातच नव्हते. कीव्हमधल्या एनामाइन या कंपनीकडे हजारो सुटे भाग आणि ते जोडायच्या हातखंडा अशा शेदीडशे अभिक्रिया आहेत. त्यांच्या गुणाकारातून होऊ शकणाऱ्या रेणूंची ती यादी. तुम्ही बोट ठेवाल तो रेणू ते काही आठवड्यांत बनवून पाठवतात. या गटाने ५४९ बनवून घेतले. मला त्यातली खरी गंमत ही वाटते की त्यांत त्यांनी मुद्दाम वाईट गुण मिळालेलेही रेणू घेतले. बसणार नाहीत असं यंत्र म्हणतंय ते खरंच बसत नाहीत का, हे पैसे खर्चून तपासलं. गुण घसरत गेले तसं यशाचं प्रमाणही घसरत गेलं, म्हणजे आकड्यात काही तथ्य आहे हे सिद्ध झालं. आमच्या मुलांपैकी कुणी आपला सगळ्यात वाईट आकड्याचा रेणू तपासायला नेलाय, असं माझ्या पाहण्यात नाही. अर्थात त्यांच्याकडे तपासायला पैसेच नसतात. त्या ५४९ मधून एक रेणू असा निघाला की तो डी४ ला पिकोमोलर, म्हणजे अतिसूक्ष्म, मात्रेत चालवतो आणि त्याच्या भावंडांना, डी२ आणि डी३ ला, सोडून देतो. मेंदूत इतकी निवड साधणं ही मामुली गोष्ट नाही.

तरीही मनाच्या आजारांवर आज आपण जी औषधं देतो त्यांची वंशावळ काढली तर मूळपुरुष भलत्याच ठिकाणी भेटतात. क्लोरप्रोमाझिन १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झालं. शस्त्रक्रियेतला धक्का कमी करायला काही हवं म्हणून आंरी लाबोरी या नौदलाच्या सर्जनने ते वापरलं, रुग्ण विलक्षण निवांत झालेले पाहिले आणि मनोविकारतज्ज्ञांच्या मागे लागला. इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध; न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयातले रोगी ते घेऊन हसूखेळू लागले. डी२ रिसेप्टरशी क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांचं नातं असल्याचं सत्तरच्या दशकात कळलं, म्हणजे लाखो लोकांनी औषध घेऊन झाल्यावर.

आपल्याकडची गोष्टही याच पठडीतली आहे. सर्पगंधा वेडावर आणि रक्तदाबावर चालते हे कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं. मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं गेलं. ते मनोरुग्णांना शांत करायला वापरात आलं, काही जण त्याने खिन्न झाले, आणि आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन देऊन डोपामीनचं महत्त्व ओळखलं. आता गंमत बघा. रेसर्पिन कुठल्याही रिसेप्टरवर बसून काम करत नाही. ते मज्जापेशींतल्या साठ्याच्या पिशव्यांत डोपामीन, सेरोटोनिन भरणारा पंप बंद पाडतं; पिशव्या रिकाम्या होतात. कुणा विद्यार्थ्याने रेसर्पिन डी२ च्या खळगीत डॉक केलं तर रेणू मोठा आहे, काहीतरी भरघोस उणे आकडा येईलच, आणि त्या आकड्याचा रेसर्पिनच्या करामतीशी काडीचा संबंध नसेल.

वकिलांचा निबंध रुग्ण मोजून, रक्तदाब मोजून लिहिलेला आहे. मला तो कंटाळवाणेपणा आवडतो.

काकूंच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर जगात होतं, आणि ते कसं आलं हे मला फार उशिरा समजलं. शिकागो विद्यापीठात लिऑन गोल्डबर्ग नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. १९७९ च्या सुमारास त्यांचा एक मित्र प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरणाच्या दारात होता. मॉर्फिनने पोट इतकं धरलं की तो मॉर्फिनच नको म्हणायला लागला. गोल्डबर्ग यांनी नॅलॉक्सोनच्या जवळच्या नातलगाकडे, नाल्ट्रेक्सोनकडे पाहिलं. ते ओपिऑइडचा परिणाम पुसतं, पण सगळीकडचाच; वेदना परत येईल. त्याच्या नायट्रोजनवर एक मिथाइल गट आणखी चढवला की रेणूवर कायमचा धन प्रभार येतो, आणि असा रेणू रक्तातून मेंदूत सहज शिरू शकत नाही. मेंदूतलं मॉर्फिन जागेवर, आतड्यातलं हटलेलं. मिथाइलनाल्ट्रेक्सोन. खळगी तीच, बसणंही साधारण तसंच. बदललं ते फक्त रेणूला कुठे जाता येतं हे. मित्र वाचला नाही, गोल्डबर्गही ते औषध बाजारात आलेलं पाहायला उरले नाहीत. मान्यता मिळायला २००८ साल उजाडलं.

एका मिथाइल गटाची ही गोष्ट फळ्यावर काढायला दोन मिनिटं लागतात. मी पीझेडएम२१ शिकवते त्याच तासाला ती घेते, आणि मुलांना हेही सांगते की गोल्डबर्ग यांच्याकडे म्यू रिसेप्टरची रचना नव्हती, असती तर त्यांना तिचा उपयोगही फारसा झाला नसता. एका मुलाने विचारलं, “मग मॅडम, आता मित्राची तक्रार आणि १३ कोटी रेणू दोन्ही असतील तर?” प्रश्न बरोबर होता. असं काहीसं घडतंही आहे. अतिदक्षता विभागात वापरतात त्या डेक्समेडेटोमिडीनने दुखणं कमी होतं, पण माणूस पेंगतो, म्हणून घरी चालत्याबोलत्या रुग्णाला ते देता येत नाही. डॉक्टरांची ही तक्रार जुनी. २०२२ मध्ये शोइकेट, ग्माइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषध ज्यावर बसतं त्या अल्फा-२ए रिसेप्टरवर ३० कोटींहून अधिक रेणू बसवून पाहिले. त्यातून सुरू करून सुधारत नेलेला एक रेणू तोंडावाटेही चालतो, उंदरांचं दुखणं कमी करतो आणि त्यांना पेंगवत नाही.

तो निबंध मी उलट्या क्रमाने वाचला. खळगीत बसलेल्या रेणूची रंगीत चित्रं मागे ठेवली आणि आधी उंदरांचे तक्ते काढले, फिरत्या दांडीवर ते किती वेळ तोल सांभाळून राहिले ते बघायला. राहिले होते. पीझेडएम२१ च्या उंदरांचेही तक्ते पहिल्या वर्षी चांगलेच होते, त्यामुळे दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या प्रयोगशाळेचे आकडे येईपर्यंत मी हा रेणू फळ्यावर काढते तो खडूने, अभ्यासक्रमाच्या छापील नोट्समध्ये अजून घातलेला नाही.